प्राथमिक शाळेतला पीटीचा तास : खान्देशातल्या गुरुजी-मॅडमना पडणारे प्रश्न

शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी, केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर, कधी कधी तर एसटीत शेजारी बसल्यावर, तेच तेच प्रश्न फिरून येतात. ते इथे एका जागी ठेवलेत. सगळं पहिली ते पाचवीपुरतं आहे. एक उत्तर दुसऱ्यात अडकत असेल तिथे नंबर दिलाय, तिकडे जाऊन बघा.

१. पोरांना मैदानात सोडलं की ती आपोआप खेळतातच, मग वेगळं शिकवायचं तरी काय?

सोडलं की खेळतात हे खरंय, पण कोण खेळतं ते एकदा बाजूला उभं राहून बघा. चार दांडगी पोरं बॅट घेऊन पुढे, आठ-दहा जण फिल्डिंगच्या नावाखाली नुसते उभे, मुली ओट्यावर गप्पा मारताय आणि दोन-तीन जण भिंतीला टेकलेले. मोकळं खेळणं हवंच, त्याच्यासाठी मधली सुट्टी आहे. तासाला मात्र प्रत्येक पोरगं हललं पाहिजे आणि काहीतरी अंगात उतरलं पाहिजे.

काय उतरवायचं? पहिलं म्हणजे जागा बदलणाऱ्या हालचाली, धावणं, उडी, लंगडी, सरकत चालणं, अचानक थांबून दिशा बदलणं. दुसरं तोल, एका पायावर उभं राहणं, रेषेवरून चालणं, पडलं तर नीट पडणं. तिसरं वस्तू हाताळणं, म्हणजे फेकणं, झेलणं, लाथेनं मारणं, टप्पा देणं. पहिली-दुसरीत हे सुटं सुटं आणि भरपूर, तिसरीपासून एकत्र करून छोट्या खेळांत.

यातलं बरंचसं वयानं आपोआप येत नाही बरं का. उजव्या हातानं चेंडू फेकताना डावा पाय पुढे टाकायचा असतो, एवढी साधी गोष्ट पाचवीतल्या कितीतरी पोरांना माहीत नसते, कारण कुणी सांगितलेलीच नसते. आणि पहिलीतलं पोरगं चेंडू आला की डोळे मिटून हात छातीशी घेतं ते भित्रं म्हणून नाही, त्या वयात तसंच होतं. त्याला आधी फुगा द्या, मग मोठा मऊ चेंडू, टेनिसचा चेंडू सगळ्यात शेवटी.

२. मी काही पीटीचा शिक्षक नाही, सगळे विषय मलाच शिकवायचे असतात, मला हे जमेल का?

जमेल. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पीटीला वेगळा माणूस मिळेल याची वाट बघू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. म्हणजे पहिली ते पाचवीचा तास वर्गशिक्षकाचाच.

तुम्हाला स्वतःला कोलांटी मारता आली पाहिजे असं काही नाही. बघता आलं पाहिजे. कोण थांबलंय, कोण दमलंय, कोणाला चेंडूच मिळत नाहीये, एवढं ज्याला दिसतं तो चांगला पीटी शिक्षक. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ शाळेच्या कपाटात असेल तर काढा, त्यात खेळ आणि कृती दिलेल्या आहेत, सुरुवातीला तेवढं पुरतं.

३. तास ३५ मिनिटांचा, त्यातली १० मिनिटं रांग लावण्यात जातात आणि १० परत आणण्यात, मग शिकवायचं कधी?

खरा घोळ इथेच आहे आणि माझं ठाम मत आहे की प्राथमिकच्या पीटीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रांग. चाळीस पोरं, एक चेंडू, एक रांग, आपला नंबर आला की एकदा फेकायचं आणि परत मागे जाऊन उभं राहायचं. असा तास संपतो तेव्हा पोराच्या वाट्याला तीन-चार फेक आलेल्या असतात, बाकी वेळ ते पुढच्याच्या पाठीत बोट खुपसत असतं आणि मग आपण म्हणतो पोरं मस्ती फार करतात.

एक करून बघा. मधलं कुठलंही एक पोरगं मनात धरा, त्याला कळू न देता पाच मिनिटं त्याच्यावरच नजर ठेवा आणि घड्याळात बघा की ते किती वेळ हलत होतं. अर्ध्याहून कमी भरलं तर खेळ बदला.

रांग मोडायचे उपाय सोपे आहेत. वर्गातच पाच-पाच, सहा-सहाचे गट कायमचे पाडून ठेवा, प्रत्येक गटाचा मैदानातला कोपरा ठरलेला, बाहेर पडलं की थेट आपल्या कोपऱ्यात जायचं. साहित्य गटप्रमुखानं नेऊन ठेवायचं. सूचना सावलीत किंवा वर्गातच द्या, मैदानात गेल्यावर पोराचं कान हे इंद्रिय बंद पडतं. आणि बोलणं एका मिनिटात संपवा, बाकीचं करता करता सांगा.

बाकी तासाचा साचा असा काही नाही, पाच मिनिटं अंग मोकळं करणारा पळापळीचा खेळ, दहा-बारा मिनिटं एक कौशल्य, उरलेल्या वेळात ते कौशल्य वापरायला लागेल असा खेळ. शेवटी दोन मिनिटं सावलीत बसून पाणी.

४. साहित्य म्हणावं तर एक फुटका फुटबॉल आणि दोन दोऱ्या आहेत, काय करू?

खान्देशात राहून हा प्रश्न पडायला नको भाऊ, आपल्याकडे ठिबक आहे. शेतातली जुनी १६ मिलीमीटरची नळी घ्या, साधारण सव्वादोन मीटरचा तुकडा कापा, दोन्ही टोकं जॉइनरनं जोडा, सत्तर सेंटिमीटर व्यासाची रिंग तयार. एका बंडलातून वर्गाला पुरतील एवढ्या रिंगा निघतात. उडी मारायला, नेम धरायला, घर म्हणून, सगळ्याला चालतात. फक्त त्या नळीतून खत आणि ॲसिड गेलेलं असतं तेव्हा आधी आतून-बाहेरून भरपूर पाण्यानं धुवा, दोन दिवस उन्हात टाका.

चिंध्यांचा चेंडू करा, जुन्या मोज्यात कापडं कोंबून वरून सुतळी. कापडाचा चेंडू लांब घरंगळत नाही आणि लागत नाही, झेल शिकवायला तो विकतच्या चेंडूपेक्षा बरा. रावेर-यावलकडे केळीच्या सोपटाचा दोर वळून देणारी माणसं अजून सापडतात. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत माती भरली की खुणेचे खांब झाले.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. कपाशीवर मारायच्या औषधाचे रिकामे डबे, बाटल्या शाळेत आणू नका, कितीही धुतलेल्या असल्या तरी. मैदान आखायला फक्की वापरतो ती पण पोरांच्या हातात देऊ नका, डोळ्यात चुना गेला तर फार वाईट होतं, स्वतः आखा.

५. मार्चपासून ऊन असं तापतं की बाहेर काढायची हिंमत होत नाही, पीटी बंदच ठेवायची का?

बंद नको, वेळ बदला. जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिलमध्ये पारा ४२-४३ सर्रास जातो, मे तर विचारूच नका. सकाळची शाळा सुरू झाली की पीटीचा तास पहिला किंवा परिपाठाला जोडून घ्या. वेळापत्रकात तो शेवटचा असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून बदलून घ्या, यात कोणी हरकत घेत नाही. नऊच्या पुढे मैदान नाही, वऱ्हांडा किंवा झाडाखालचे बैठे-उभे खेळ (प्रश्न ६).

पाणी आधी, मध्ये आणि नंतर. पोरं तहान लागली तरी खेळ सोडत नाहीत म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी शिट्टी मारून सगळ्यांना पाजायचं. शाळेत साखर-मीठ ठेवा. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

डोकं दुखतंय, मळमळतंय, पोटऱ्यांत गोळे येताय म्हटलं की सावली, पाणी, कपडे सैल, खेळ त्या दिवशीपुरता बंद. पण पोरगं असंबद्ध बोलायला लागलं, चालताना झोकांड्या जाताय, अंग चटका बसेल इतकं गरम लागतंय, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका, लगेच अंगावर पाणी ओता, मान-काखा-जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला. ग्लानीत असलेल्या पोराच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

अनवाणी पोरांचं वेगळं बघावं लागतं. एरवी स्वच्छ मातीत अनवाणी खेळायला हरकत नाही, फक्त बाभळीचे काटे आणि काचा रोज बघायच्या. उन्हाळ्यात मात्र जमीन तापल्यावर तळपाय भाजतात आणि पोरं ते सांगत नाहीत, नुसती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहतात.

६. आमचं मैदान काळ्या मातीचं, पावसात पाय रुततो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. मग खेळायचं कधी?

पावसाळ्यात काळी माती पायाला किलोभर चिकटते, घसरून पडण्याचं प्रमाण पण वाढतं, तेव्हा ओल असेपर्यंत मैदानाचा हट्ट नको. वऱ्हांड्यात किंवा वर्गात बाकं-सतरंज्या बाजूला करून बरंच होतं: दोरीवरच्या उड्या, रिंगेत तोल सांभाळणं, ‘पुतळा’, भिंतीवर कापडी चेंडू मारून झेलणं, सागरगोटे सुद्धा. सागरगोट्याला हसू नका, नजर आणि हात यांचा मेळ बसवायला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही आणि मुलग्यांनापण शिकवा. सूर्यनमस्कार पाचवीपर्यंत सावकाश, मोजणीची शर्यत न लावता.

भेगांचं दुखणं जास्त घातक, घोटा त्यात अडकून मुरगळतो. शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा, एक ट्रॉली मुरूम आणि रोलर गावातून मिळतो. सगळं मैदान नाही झालं तरी खो-खोपुरता पट्टा होईल. तेवढंही नाही जमलं तर भेगा दिसतील अशा ठिकाणी धावायचे खेळ घेऊ नका.

७. खेळात आऊट झालेली पोरं बसून राहतात आणि मारामाऱ्या करतात, त्यांचं काय करायचं?

त्यांना आऊटच करू नका. जे खेळ पहिल्याला बाहेर काढून सुरू होतात ते प्राथमिकला उलटं काम करतात, कारण पहिलं बाहेर जाणारं पोरगं नेमकं तेच असतं ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज असते. संगीत खुर्चीत लठ्ठ किंवा हळू पोरगं पहिल्याच फेरीत बसतं आणि वीस मिनिटं दुसऱ्यांना बघतं.

नियम थोडा वाकवा. धरापकडीत पकडलं गेलं की पकडणाऱ्याचा हात धरून साखळीत सामील. विषामृतात तर सोय खेळातच आहे, विष मिळालेल्याला कुणी अमृत दिलं की परत जिवंत. लगोरीत चेंडू लागला तर ठरलेल्या झाडाला हात लावून यायचं आणि परत खेळायचं. संगीत खुर्चीत खुर्च्यांच्या जागी रिंगा ठेवा, रिंगा कमी करा पण पोरं कमी करू नका, एका रिंगेत जमेल तेवढ्यांनी मावायचं, शेवटी सात-आठ जण एकमेकांना धरून एका रिंगेत उभे असतात आणि हसून हसून बेजार होतात.

८. खो-खो कितव्या इयत्तेपासून शिकवावा? लहान पोरांना तो समजत नाही, सगळे एकदम उठून पळतात.

पूर्ण खो-खो तिसरीच्या उत्तरार्धात किंवा चौथीत, पण त्याची तयारी पहिलीपासून. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. पोरांना त्या मॅचचे व्हिडिओ मोबाइलवर दाखवा, अर्धं समजावणं वाचतं.

आपली गडबड अशी होते की आपण नऊ-नऊचा खेळ एकदम मांडतो. मोठ्यांचं मैदान २७ बाय १६ मीटर असतं, आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत उलटं वळायचं नाही आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडे घुसायचं नाही. आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यात हे सगळं एकदम कसं बसेल?

तोडून तोडून घ्या. आधी नुसतं बसणं आणि उठणं: उकिडवं बसून, पाय पुढे-मागे ठेवून, टाळी वाजली की उठून दहा पावलं पळायचं. याला दोन-तीन तास गेले तरी जाऊ द्या, खो-खोचा निम्मा खेळ त्या उठण्यातच आहे. मग जोडीजोडीनं खो देणं, मागून पाठीला हात लावायचा आणि त्याच वेळी मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं, आधी ओरडून नंतर हात लावणं चालत नाही. पहिल्या दिवशी पाठीत धपाटे बसतात, तेव्हा ‘हात ठेवायचा, मारायचा नाही’ हे स्वतः करून दाखवा. मग चार-पाच जण बसवून छोटी ओळ, पळणारा एकच, दिशेचा नियम पण ढिला, कुणी उलटं वळलं तर नुसतं थांबवून सांगायचं. ओळ जमली की दिशा पक्की करायची, मग खांब, मग पळणारे तीन.

आणि एका वेळी अशा तीन-चार छोट्या ओळी चालू ठेवा. एकच मोठी ओळ मांडली की बाकीचा वर्ग बघ्या होतो, म्हणजे फिरून प्रश्न ३ वरच आलो.

९. कबड्डीत मुलं-मुली एकत्र खेळवली तर चालतात का, आणि लहानांना लागण्याची भीती वाटते.

पाचवीपर्यंत ताकदीत मुलामुलींत फारसा फरक नसतो, खरा फरक वजनाचा असतो, तेव्हा गट वजन-उंची बघून पाडा, मुलगा-मुलगी बघून नको. तिसरीपर्यंत पकड नाहीच, नुसती शिवाशिवीची कबड्डी, किंवा प्रत्येकाच्या कमरेला मागे फडकं खोचायचं आणि चढाई करणाऱ्यानं ते ओढून आणायचं. दम घोकायला मजा येते, तिथे ३० सेकंदांचं घड्याळ लावायची काही गरज नाही.

चौथी-पाचवीत पकड शिकवायची असेल तर आधी पडायला शिकवा आणि जागा मऊ हवी, नांगरून भुसभुशीत केलेली माती किंवा गाद्या. कडक काळ्या जमिनीवर पकड नको. गळा, केस, कपडे ओढणं आणि पायात पाय घालून पाडणं पहिल्या दिवसापासून बंद. मुलींना किंवा पालकांना एकत्र पकडीची कबड्डी नको वाटत असेल तर ताणू नका, पकडीचा भाग वेगवेगळा घ्या, बाकी खेळ एकत्र.

१०. मुली मैदानात पुढेच येत नाहीत, ‘आम्ही बघतो सर’ म्हणतात. काय करावं?

याच पोरी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभ्यानं झोका आभाळाला लावतात, तेव्हा त्यांच्यात दम नाही किंवा त्यांना आवड नाही असं म्हणू नका. बऱ्याचदा अडचण कपड्यांची असते. स्कर्टच्या आत सायकलिंग शॉर्ट किंवा पीटीच्या दिवशी सलवार-ट्रॅक चालेल असं पालकसभेत सांगून टाका. दुसरी अडचण चेंडूची, मिश्र खेळात मुलं मुलींना पास देतच नाहीत, तर नियम करा की तीन वेगवेगळ्या हातांतून चेंडू गेल्याशिवाय गुण नाही. तिसरी अडचण आपल्या तोंडाची, ‘मुलीसारखा काय पळतो’ हे वाक्य कुणाच्याही तोंडातून निघू नये.

पाचवीतल्या काही मुलींना पाळी सुरू झालेली असते. मॅडमनं आधीच एकदा सगळ्या मुलींना सांगून ठेवावं की त्या दिवसांत खेळायला काही बंदी नाही आणि बरं वाटत नसेल तर कारण न सांगता बसता येईल. वहीत कारण लिहून आणायला लावू नका.

११. जानेवारी आला की सगळे तास लेझीम-कवायतीत जातात, ती पण पीटीच ना?

पीटीच आहे, लेझीम तर उत्तम आहे, ताल, तोल, पायांचं काम सगळं त्यात येतं. पण २६ जानेवारीला पाहुण्यांसमोर उभे करायचे म्हणून वर्गातली वीस चांगली पोरं निवडायची आणि बाकीच्यांना महिनाभर बसवायचं, हे चुकीचं आहे. लेझीम कमी असेल तर निम्म्यांनी लेझीम, निम्म्यांनी तोच पदन्यास टाळ्यांवर, मग अदलाबदल. सावधान-विश्राम आठवड्यातून पाच मिनिटं पुरे.

१२. पोरं ऐकत नाहीत म्हणून उठाबशा किंवा मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या तर चालतं का? व्यायामच होतो ना.

चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, उठाबशा त्यातच आल्या. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या गोष्टीची गोडी लावायची तीच शिक्षा म्हणून दिली तर पोरगं जन्मभर धावण्याचा तिरस्कार करेल. उन्हात फेऱ्या तर सरळ धोक्याच्या (प्रश्न ५, १५). गोंधळ घालणाऱ्याला दोन मिनिटं शेजारी उभं करा, गुण लिहायचं काम द्या, मग परत खेळात घ्या.

१३. पहिलीतली पोरं घरी अहिराणी नाहीतर पावरी-भिलोरी बोलतात, सूचना दिली की नुसती बघत राहतात.

पीटीचा तास यासाठीच सोन्यासारखा आहे, कारण इथे बोलण्याआधी करून दाखवता येतं. तुम्ही उडी मारली की पोरगं मारतं. सूचनांऐवजी खुणा ठरवा: एक टाळी थांबा, दोन टाळ्या गोल करा, हात वर म्हणजे गप्प. पोराच्या भाषेतले चार शब्द आपण शिकायला काय जातं, ‘पय रे पय’ म्हटलं की अहिराणी पोरगं कसं सुसाट सुटतं बघा. ‘मना पाय दुखस’ म्हणत आलं तर आधी पाय बघा, मराठी नंतर दुरुस्त करा. धडगाव-अक्कलकुव्याकडे शिट्टीपेक्षा ढोलाच्या ठेक्यावर वर्ग लवकर जमतो. ठेका जलद झाला की जलद पळायचं, मंद झाला की चालायचं आणि थांबला की पुतळा, याच्यात भाषा लागतच नाही.

१४. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी एकत्रच मैदानात जाते. लहानांना मोठे तुडवतात.

मिश्र वयाला चांगली बाजू पण आहे, गल्लीत पोरं अशीच तर खेळतात. चौथीच्या पोरांना ‘खेळप्रमुख’ करा, एकेकाकडे पहिली-दुसरीतली चार पोरं, तो शिकवेल तुम्ही फिरत राहा. शिकवताना त्याचं स्वतःचं पण पक्कं होतं. आठवड्यातून दोन तास असं एकत्र. बाकी दिवशी मैदानाचे दोन भाग, मध्ये फक्कीची रेघ, एका बाजूला लहानांचे रिंगांचे खेळ आणि दुसरीकडे मोठ्यांचा खो-खो. पळापळीचा आणि टक्कर होईल असा खेळ मात्र कधीच एकत्र नको.

१५. वर्गात सिकल सेलचं पोरगं आहे, त्याला खेळवायचं की बसवून ठेवायचं?

नंदुरबार जिल्हा, साक्री-शिरपूरचा भाग, चोपडा-यावल-रावेरचा सातपुड्याचा पायथा, इथल्या शिक्षकांनी हे उत्तर नीट वाचावं.

आधी त्याच्या सिकल सेल तपासणीच्या कार्डावर काय लिहिलंय ते बघा. ‘एएस’ म्हणजे वाहक, त्याला सहसा काही त्रास नसतो, सगळं खेळू शकतो, फक्त पाणी भरपूर आणि उन्हात दमछाक होईपर्यंत जबरदस्ती नाही. ‘एसएस’ म्हणजे आजार असलेला. त्याच्या रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. अंगातलं पाणी कमी होणं, अति श्रम, थंडी आणि ताप यानं दुखणं उफाळतं.

म्हणून एसएसच्या पोराला बसवून ठेवू नका पण त्याची लगाम त्याच्याच हाती द्या, थकला की न विचारता बसायचं, हवं तेव्हा पाणी. लघवीलाही जास्त जावं लागतं, अडवू नका. तीन-चार मिनिटं खेळ, मग विश्रांती, अशा तुकड्यांत. ६०० मीटरसारखी घड्याळ लावून धाव त्याला नको. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मैदानात स्वेटर काढायला लावू नका आणि अंगावर गार पाणी नको. हात-पाय किंवा छातीत दुखतंय, धाप लागली, ताप आला, डोळे फार पिवळे दिसताय, तर वेळ न घालवता दवाखाना. डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं धरा.

वर्गासमोर ‘याला आजार आहे’ असं सांगू नका. आणि कितीतरी पोरांची तपासणीच झालेली नसते, तेव्हा आदिवासी भागात हे पाणी-विश्रांतीचे नियम सगळ्याच वर्गाला लावले तर कोणीच उघडं पडत नाही.

दम्याचं पोरगं असेल तर त्याचा पंप कपाटात नाही, मैदानात हवा, आणि कापूस वेचणीच्या धुळीत किंवा धुक्यात सावकाश सुरुवात. फिट येणाऱ्याला उंचीवर आणि पाण्यात एकटं सोडायचं नाही, बाकी खेळू द्या.

१६. दिव्यांग विद्यार्थी आहे, त्याला गुण लिहायला बसवतो, बरोबर ना?

रोज तेच काम असेल तर नाही बरोबर. कमी दिसणाऱ्यासाठी कापडी चेंडूत घुंगरू शिवा आणि जोडीदाराला दोरीचं एक टोक द्या, दोघं दोरी धरून पळतात. चालता न येणाऱ्याला नेम, फेक, झेल सगळं बसून करता येतं, आणि गंमत म्हणजे एक दिवस अख्ख्या वर्गानं बसूनच चेंडू खेळायचा ठरवलं तर बहुतेक वेळा तोच जिंकतो. ऐकू न येणाऱ्यासाठी शिट्टीबरोबर रुमाल हलवा. मतिमंद पोराला एका वेळी एकच सूचना आणि रोज त्याच क्रमानं खेळ. काय जमेल हे त्यालाच आणि त्याच्या आईला विचारा, आपण घरबसल्या ठरवू नका.

१७. खिचडी खाल्ल्यावर लगेच पीटीचा तास येतो, चालतो का?

पोटभर जेवणानंतर तास-दीड तास पळापळ टाळा, तोवर बैठे किंवा चालायचे खेळ. उलट बाजू पण बघा, सकाळच्या शाळेत अर्धी पोरं नुसत्या चहावर आलेली असतात, चक्कर येणारी तीच. अशांना आधी दोन बिस्किटं, गूळ-शेंगदाणे, जे असेल ते.

१८. पीटीचे मार्क कशावर द्यायचे? जो जोरात पळतो त्याला अ-१ का?

शारीरिक शिक्षणाला संकलित लेखी पेपर नाही, सगळं मूल्यमापन आकारिक, म्हणजे वर्षभर बघून नोंदी करायच्या. फक्त वेगाला मार्क दिले तर मार्क उंचीला आणि खाण्यापिण्याला मिळाले, शिकण्याला नाही. पोरगं जूनमध्ये कुठे होतं आणि मार्चमध्ये कुठे आलं ते बघा. ‘खेळात रुची घेतो’ हे सगळ्यांच्या पुढे छापल्यासारखं लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. ‘जूनमध्ये चेंडूला घाबरायची, आता पाच पावलांवरून दोन्ही हातांनी झेलते’, ‘हरल्यावर भांडायचा, आता परत डाव मांडतो’, अशी नोंद करा. रोज चार-पाच पोरांचीच केली तरी महिन्यात वर्ग होतो.

खेलो इंडियाच्या चाचण्या वेगळ्या. पहिली ते तिसरीला उंची-वजनावरून बीएमआय, एका पायावर तोल आणि प्लेट टॅपिंग (दोन चकत्यांना हातानं भराभर आळीपाळीनं शिवणं) एवढंच. चौथीपासून ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणं, पोटाचा व्यायाम, पुशअप येतात. ६०० मीटरला चालायची मुभा आहे हे पोरांना स्पष्ट सांगा. वजन मोठ्यानं वाचून दाखवू नका, एवढ्यानं पोरगं शाळा बुडवतं.

१९. चौथीतला मुलगा भरतीवाल्या मोठ्या पोरांसोबत पहाटे डांबरी रस्त्यावर पळतो, वडील म्हणतात आतापासून १६०० मीटर तयार करतो. ठीक आहे का?

गावोगावी हे दिसतं आणि जिद्दीचं कौतुकच आहे, पण नऊ-दहाच्या पोराला रोज डांबरावर लांब पळवणं योग्य नाही. वाढीच्या वयात टाचेच्या आणि गुडघ्याच्या हाडाचं टोक अजून कच्चं असतं, सततच्या आपटण्यानं तिथेच दुखणं धरतं. टाच दुखतेय म्हणून पोरगं पंजावर चालायला लागलं तर पळणं बंद करून डॉक्टरला दाखवा. शिवाय पहाटेच्या अंधारात वाळूचे ट्रॅक्टर धावत असतात ते वेगळंच.

वडिलांना तोडून बोलू नका. सांगा की भरतीला अजून आठ-नऊ वर्षं आहेत, आता त्यानं सगळे खेळ खेळावेत, मातीवर पळावं, झाडावर चढावं, जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली हालचाल सांगते ती खेळूनच भरते. केंद्रस्तर, तालुकास्तर स्पर्धेला जरूर पाठवा, पण तेच ते आठ चेहरे दर वर्षी आणि बाकीचे टाळ्या वाजवायला असं नको. आणि जन्मतारीख खाली-वर करून लहान गटात मोठा मुलगा उतरवण्याला कुणी हुशारी म्हणत असेल तर त्या हुशारीत लहान पोराचा हात मोडतो.

२०. खेळताना पोरगं पडलं, हात सुजला किंवा दात पडला तर नेमकं काय करायचं? नंतर पालक आपल्यालाच धरतात.

हात-पाय वाकडा दिसतोय, सूज भराभर चढतेय, हलवता येत नाही, तर मोडलाय असंच समजा. आहे त्याच स्थितीत पुठ्ठा किंवा पट्टी लावून रुमालानं बांधा, ओढून सरळ करू नका, चोळू नका, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी आधी हाडवैद्याकडे नाही, एक्स-रे निघेल अशा दवाखान्यात न्या. मुरगळलं असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी, पाय उंचावर.

दात अख्खा निघून पडला तर आधी बघा दुधाचा की पक्का. समोरचे पक्के दात सहा-सात वर्षांपासून येतात. दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही. पक्का असेल तर मुळाला हात न लावता वरच्या भागानं उचला, घासू नका, दुधात टाका आणि पोराला घेऊन दंतवैद्याकडे पळा, अर्ध्या-एक तासाच्या आत पोचलं तर दात परत बसण्याची आशा असते.

डोक्याला मार लागला तर त्या दिवशी परत खेळ नाही, मग पोरगं कितीही ‘बरंय सर’ म्हणो. उलटी, गुंगी, डोकेदुखी वाढत जाणं, कानातून-नाकातून पाणी किंवा रक्त, एक जरी दिसलं तर १०८.

पालकांना फोन तुम्ही स्वतः आणि लगेच करा, दुसऱ्या पोराच्या तोंडून घरी बातमी गेली की ती दुप्पट होऊन जाते. काय झालं, किती वाजता, तुम्ही काय केलं हे त्याच दिवशी रजिस्टरला लिहा. पेटीत कापूस, बँडेज, अँटिसेप्टिक, त्रिकोणी पट्टी, पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आणि ओआरएसची पाकिटं हवीत. पेटीला कुलूप असेल तर किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात नको, मीटिंगला जाताना ती पण पंचायत समितीत जाते.

२१. दिवाळीनंतर काही पोरं आई-बापासोबत ऊसतोडीला, गुजरातला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. ती खेळात मागे पडलेली असतात का?

उलट बऱ्याचदा काटक झालेली असतात, पण वजन उतरलेलं असतं आणि गटातली जागा गेलेली असते. आल्याबरोबर चाचणी किंवा शर्यत नको. पहिला आठवडा हलकं, खाणं-पाणी बघा, हाता-पायाला जखमा आहेत का बघा. आणि गट कायमचे पाडताना (प्रश्न ३) त्यांच्या नावाची जागा दिवाळीलाच राखून ठेवा, आल्यावर पोरगं कुठे उभं राहू असं विचारत फिरायला नको. तिकडे तळावर शिकलेला एखादा खेळ असेल तर त्याच्याकडूनच वर्गाला शिकवून घ्या.